उघडच आहे!

प्रत्येक विषयाच्या प्रोफेसरांचा एक लाडका शब्द असतो. मराठीच्या प्रोफेसरांना ‘तथापि’ प्रिय, इतिहासाच्या प्रोफेसरांना ‘वस्तुतः’. गणिताच्या प्रोफेसरांचे पान मात्र ‘हे उघडच आहे’ याच्यावाचून हलत नाही. फळ्यावर एक ओळ असते, तिच्याखाली दुसरी येते, आणि दोहोंच्या मध्ये जी दरी असते तिच्यावर ‘उघडच आहे’ ही एक फळी टाकून ते पलीकडे निघून जातात. विद्यार्थी अलीकडेच राहतात.

आमच्या सरांचा या फळीवर फार भरवसा. त्यांचे नाव किंवा कॉलेजचे नाव सांगून काय करायचे? असे सर प्रत्येक कॉलेजात असतात, फक्त आडनाव बदलते. गोष्ट १९८० नंतरच्या दोनचार वर्षांतली. स्टेशनच्या पाटीवर बदलापूर असले तरी पूर्वेला राहणारे आम्ही कुळगावचे. आम्ही पाच-सहा जण सकाळची लोकल पकडून कॉलेजला जात असू. सर विद्वान होते, वेळेचे पक्के होते, अक्षर तर छापल्यासारखे. पण ते शिकवीत फळ्याला, आम्हाला नव्हे. उजव्या हाताने लिहीत आणि आमची वही तिथपर्यंत पोचण्याआधी डाव्या हाताने पुसत. चाचणीचे मार्क वर्गात मोठ्याने वाचायचे आणि तेही खालून वर, ही त्यांची खास पद्धत. कुणी धीर करून म्हणाला, “सर, एवढे पुन्हा सांगाल का?” तर उत्तर ठरलेले, “कॉलेज आहे हे, कीर्तन नाही. ध्रुपद घोळवायला मला वेळ नाही.”

पहिल्याच सत्रात त्यांनी ‘लिमिट’ची व्याख्या फळ्यावर लिहिली. कोणताही एप्सिलॉन दिला असता एक डेल्टा असा सापडतो की... वगैरे. पुढे नेहमीचे, उघडच आहे. आमच्यात एक मुलगा अंबरनाथला गाडीत चढायचा. तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या एका फिटरचा मुलगा. अबोल, पण डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती सुटायची नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, “सर, डेल्टा आधी ठरायचा की एप्सिलॉन?”

सर वळले. “तुम्ही आधी पुस्तक उघडा. तोंड मागून.”

वर्ग खोखो हसला. मौज अशी की हसणाऱ्यांपैकी एकालाही उत्तर ठाऊक नव्हते. तो मुलगा खाली बसला आणि पुन्हा कधी उभा राहिला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो गाडीतही दिसेना. पुढे कळले, कॉलेज सोडून एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागला.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला लोकलमध्ये मिळाले. परतीच्या गाडीत गाण्याच्या भेंड्या रंगल्या होत्या. एकाने अक्षर टाकायचे, दुसऱ्याने त्या अक्षराचे गाणे म्हणायचे. आमच्यातला एक जण मध्येच ओरडला, “अरे, अक्षर म्हणजे एप्सिलॉन आणि गाणे म्हणजे डेल्टा!” खरेच की! आधी समोरच्याने अक्षर टाकायचे, मग आपण गाणे शोधायचे. अक्षर बदलले की गाणे बदलणार. कोणतेही अक्षर टाका, आमच्यापाशी गाणे तयार आहे, एवढाच त्या भयंकर व्याख्येचा दावा! आधी गाणे म्हणून ठेवले आणि मग वाटेल ते अक्षर आले, तर भेंडी चढलीच म्हणून समजा.

आणि हे काही उघड नव्हते. पुढे गणिताचा इतिहास वाचताना मला ते नीट कळले. लायब्निझने कलनशास्त्रावरचा आपला पहिला लेख १६८४ साली छापला. न्यूटनच्या हाती ते शास्त्र त्याच्याही आधी आले होते. पण लिमिट म्हणजे नेमके काय, हे जरा सुसंगतपणे मांडणारे कोशीचे पुस्तक निघाले १८२१ साली. मध्ये एकशे सदतीस वर्षे गेली! बरे, त्या थोर कोशीच्या पुस्तकातही एक प्रमेय असे होते की नॉर्वेच्या तरुण आबेलने १८२६ साली त्याला अपवाद दाखवून दिले. घोटाळा कसला होता? प्रत्येक ठिकाणी वेगळे माप चालेल, की एकच माप सगळीकडे लागू पडले पाहिजे? म्हणजे काय आधी ठरते आणि काय मागून, हाच! अखेर या विचाराला एप्सिलॉन-डेल्टाचा पक्का साचा दिला तो जर्मनीच्या वायरस्ट्रासने. प्रोफेसर होण्यापूर्वी या गृहस्थाने कित्येक वर्षे शाळेत मास्तरकी केली होती, आणि गणिताबरोबर मुलांना अक्षर गिरवायला व कसरत करायलाही शिकवले होते. ज्या प्रश्नावर आमचा वर्ग हसला, त्यात युरोपातले पहिल्या प्रतीचे डोके अडकले होते.

तो मित्र पुष्कळ वर्षांनी कल्याणच्या फलाटावर भेटला. लेथवर उत्तम हात बसला होता. मी त्याला भेंड्यांची गोष्ट सांगितली. तो हसून म्हणाला, “अरे, आमच्याकडे रोजच हे चालते. ड्रॉइंगवर आधी टॉलरन्स लिहिलेला असतो, किती फरक चालेल तो. त्यावरून मशीन किती नेमके लावायचे ते आम्ही ठरवतो. उलटे केले तर जॉब भंगारात.” एप्सिलॉन आधी, डेल्टा मागून. वर्गात न मिळालेले उत्तर त्याला लोखंडाने दिले होते. त्याचे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. पण गणिताचा एक माणूस गेला, तो मात्र गेलाच.

कडक मास्तरांचे पुष्कळ लोक कौतुक करतात. ‘त्यांच्यामुळेच आम्ही घडलो’ म्हणतात. म्हणोत बापडे. जे घडले ते बोलतात. जे उठून गेले त्यांची हजेरी कोण घेतो? आपल्याकडे ११५० साली भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ लिहिली. तिच्यात भुंग्यांचे थवे आहेत, मोर आणि साप आहेत, वाऱ्याने मोडलेला वेळू आहे. शिकणाऱ्याला ते लाडिक हाक मारतात आणि मग गणित घालतात. गणित सोपे नसते हो, हाक मात्र गोड असते.

आता आमच्या कुळगावच्या बिल्डिंगमधली मुले कधीमधी वह्या घेऊन माझ्याकडे येतात. एखादा तोंड पाडून म्हणतो, “काका, हे कळले नाही.” मी त्याला एवढेच विचारतो, “नेमके कोणत्या ओळीपासून?” बहुधा तो ज्या ओळीवर बोट ठेवतो, तिच्याशेजारी पुस्तकात छापलेले असते, ‘हे उघडच आहे.’