‘ए’ की ‘अ‍ॅन’?

गल्लीतल्या पाचवीच्या मुलांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दाआधी ‘अ‍ॅन’, बाकी सगळीकडे ‘ए’, हा नियम मी त्यांच्याकडून घोकून घेतला होता. चिमीने ‘ए अवर’, ‘अ‍ॅन युनिव्हर्सिटी’ असे लिहिले. मी दोन्हींवर लाल फुली मारली.

“ताई, नियम तूच सांगितला होतास ना?” ती रडवेली होऊन म्हणाली.

मी निरुत्तर! मग दोन्ही शब्द फळ्यावर देवनागरीत लिहिले. ‘अवर’ सुरू होतो स्वराने, ‘युनिव्हर्सिटी’ ‘य’ या व्यंजनाने. नियम अक्षराचा नव्हताच, उच्चाराचा होता! इंग्रजीचे कोडे आपल्याच बाराखडीने सोडवले.

फुल्या मी चिमीसमोरच खोडल्या. चुकली होती ती तिची ताई!