हिरवा दिवा, आधी तुम्ही

पिट्सबर्गच्या चौकात दिवा हिरवा झाला की कायद्याने जिने मागे राहायचं, तीच गाडी बरेचदा सगळ्यांत आधी निघते. समोरून सरळ येणाऱ्यांना आडवी जात डावीकडे वळते आणि दिसेनाशी होते. (इथे वाहतूक उजव्या बाजूने चालते, त्यामुळे आपल्याकडचं जिकिरीचं उजवं वळण ते इथलं डावं.) समोरच्या रांगेतला पहिला माणूस ब्रेकवरचा पाय न काढता, स्टिअरिंगवरची चार बोटं उचलून सांगतो, जा. मग तो निघतो. या रिवाजाला 'पिट्सबर्ग लेफ्ट' असं गावाचंच नाव आहे.

पेनसिल्व्हेनियाचा कायदा नेमका उलटा. वळणाऱ्याने थांबावं, सरळ जाणाऱ्याला वाट द्यावी. लायसन्सच्या परीक्षेसाठी मी जे पुस्तक घोकलं त्यातही तेच. पुण्यात स्कूटर चालवलेल्या बाईला नियम मोडणाऱ्यांचं काय अप्रूप असणार? पण इथे मोडणारा आणि ज्याचा हक्क जातो तो, दोघं संगनमताने मोडतात, हे मात्र मी पहिल्यांदा पाहिलं. लक्ष्मी रोडवर फट दिसली की घ्यायची असते. ती कोणी देत नाही, आणि चुकून दिलीच तर मागचे हॉर्न वाजवून त्याचा उद्धार करतात.

मला वाटतं, हा सभ्यपणा स्वभावाचा कमी आणि भूगोलाचा जास्त. अ‍ॅलेगेनी आणि मोनोन्गहेला या दोन नद्या इथे मिळतात आणि ओहायो होऊन पुढे जातात. मध्ये आणि भोवती नुसत्या टेकड्या. बीचव्ह्यू भागातल्या कॅन्टन अव्हेन्यूचा चढ ३७ टक्के आहे, म्हणजे १०० फूट पुढे सरकलं की ३७ फूट वर. अशा गावात रस्त्याला रुंदी कुठून आणायची? जायला एक लेन, यायला एक, कडेला लावलेल्या गाड्या, आणि वळणाऱ्यांसाठी वेगळी जागा बहुतेक ठिकाणी नाहीच. एक जण वळायला खोळंबला की त्याच्यामागे सगळी रांग खोळंबते आणि दिवा पुन्हा लाल. समोरच्याने दोन-तीन सेकंद सोडले तर ती अख्खी रांग सुटते.

फोर्ट पिट बोगद्यातून शहरात शिरताना हे आणखी कळतं. १९६० साली खुला झालेला हा बोगदा. डोंगराच्या पोटातून बाहेर पडताक्षणी आपण थेट पुलावर असतो, समोर उंच इमारतींचं अख्खं शहर उभं, आणि पूल संपायच्या आत आपली लेन गाठायची असते. डावीकडच्यांना उजवीकडे जायचंय, उजवीकडच्यांना डावीकडे. नव्या माणसाला इथे घाम फुटतो. पण इंडिकेटर लावला की शेजारची गाडी मागे राहते. आपण शिरायचं आणि आरशात दिसेल असा हात वर करायचा. तो हात विसरलेला इथे फार लागतो लोकांना. (बोगद्याच्या तोंडाशी काही कारण नसताना सगळे ब्रेक दाबतात, ते मात्र मी सभ्यतेत धरत नाही.)

आई सांगलीहून आली, तेव्हा तिला पेन हिल्सच्या बालाजीला घेऊन निघाले. १९७६ सालचं हे देऊळ टेकडीवर आहे. वाटेत समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी बोटं उचलली, मी वळले.

"कोण गं ते? हात केला त्यांनी."

"ओळखीचे नाहीत, आई."

"मग हात कशाला करतील?"

समजावून सांगितल्यावर तिने ते मनावर घेतलं. नंतर जो कोणी थांबला त्याला तिने काचेतून दोन्ही हात जोडले. देवळात पोहोचेपर्यंत देवाच्या वाटणीचे बरेच नमस्कार वाटेतच खर्च झाले होते.

हिवाळ्यात या अलिखित कायद्याचं दुसरं कलम लागू होतं. घरासमोरचा बर्फ उपसून गाडी काढली की मोकळ्या जागेत एक जुनी खुर्ची ठेवायची. सार्वजनिक रस्ता, तरी ती खुर्ची कोणी हलवत नाही. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालाला आपल्याकडे जो मान असतो, तोच.

तरीही या डाव्या वळणाचं मला निखळ कौतुक वाटत नाही. दिवा हिरवा होतो त्याच क्षणी, ज्या रस्त्यात ती गाडी घुसते तो ओलांडायला पायी माणूसही निघालेला असतो. वाट देणारा गाडीत, घेणारा गाडीत. रस्त्यावर उतरलेल्याला कोणी विचारलेलं नसतं. आई काठी टेकत फुटपाथवरून खाली उतरली की त्या चार बोटांचा मला राग येतो. सायकलवाले तर या रिवाजावर उघडच चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

पण मीही बोटं उचलते. चौकात कोणी चालत नाही ना, हे आधी पाहून. आणि मला वळायचं असेल तेव्हा समोरच्या गाडीचा बंपर बघते. पेनसिल्व्हेनियात नंबरप्लेट फक्त मागे लावतात. पुढेही प्लेट दिसली, तर गाडी न्यूयॉर्कची असेल, मेरीलँडची असेल, कुठली का असेना, बाहेरची. त्या बिचाऱ्याला इथली रीत ठाऊक नसते, तो दिवा हिरवा होताच सुसाट निघणार. त्याला आधी जाऊ द्यावं.