वारीतला मुक्काम : बायकांनी आधी विचारून घ्यावं असं काही

ज्येष्ठ लागला की आमच्या कांदिवलीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. चारकोपच्या बैठ्या घरांत, ठाकूर व्हिलेजच्या लिफ्टमध्ये, स्टेशनबाहेरच्या भाजीवालीपाशी, कुठंही. “यंदा वारीला जाईन म्हणते, पण एवढं चालवेल का हो?” चालण्याची धास्ती सगळ्यांनाच असते. पण चालणं जमतं, मैत्रिणींनो. चार दिवसांत पाय आपापले रुळतात. खरी परीक्षा असते ती चालणं संपल्यावरची. रात्री पाठ कुठं टेकायची, पहाटे अंघोळ कुठं करायची आणि ‘जाऊन यायचं’ कुठं, हे तीन प्रश्न सुटले तर वारी सुखाची होते. म्हणून आज चालण्याविषयी थोडं आणि मुक्कामाविषयी जास्त लिहिते.

ज्ञानोबांची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, तुकोबांची देहूहून त्याच्या आदल्या दिवशी. आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरतं. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत आषाढी एकादशीच्या आत पंढरी गाठायची. तिथीच्या वाढ-घटीप्रमाणं एखादा मुक्काम कमी-जास्त होतो. पुण्याला आणि सासवडला मात्र दोन-दोन रात्री मिळतात. पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यांत लांबचा आणि त्यातच दिवे घाट. तो एक दिवस निभावला की पुढचे टप्पे त्यामानानं बेताचे वाटतात.

ही सगळी व्यवस्था जुनी आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली असं सांगतात. माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२च्या सुमाराला. हैबतबाबा मूळचे शिंद्यांच्या पदरचे सरदार. त्यामुळं सोहळ्यात लष्करी शिस्त दिसते. घोडे, चोपदार, तळ आणि तंबू हे शब्दसुद्धा छावणीतलेच! माउलींच्या सोहळ्याचे मानाचे घोडे आजही बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात.

राहुटीतली रात्र

वारीत एकट्यादुकट्यानं चालणारेही असतात, पण पहिल्यांदा जाणाऱ्या बाईनं दिंडीतूनच जावं. दिंडी म्हणजे एका विणेकऱ्यामागं चालणारं मोठं कुटुंबच. जेवणाखाणाच्या वर्गणीला भिशी म्हणतात. ती आधी भरायची. दिंडीचा ट्रक असतो. त्यात पातेली, शेगड्या, शिधा, राहुट्या आणि आपल्या वळकट्या. ट्रक पुढं जातो, माणसं जागा धरून राहुट्या ठोकतात आणि आपण संध्याकाळी दमून पोचतो तेव्हा कापडी घर तयार असतं.

राहुटीत किती जणी झोपणार हे आधी विचारावं. दहा जणींच्या जागेत वीस जणी असल्या तर कूस बदलायलाही शेजारणीची परवानगी लागते! बायकांची राहुटी वेगळी आहे ना, तिच्याजवळ रात्रभर दिवा असतो ना, हेही विचारावं. संकोच करू नये.

पावसाची रात्र मात्र कुणाला चुकत नाही. राहुटीभोवती कुदळीनं चर खणलेला असला तर पाणी बाहेरच्या बाहेर जातं. नसला तर मध्यरात्री सतरंजी भिजते आणि सगळ्या जणी मांडी घालून उजाडायची वाट बघतात. लोणंदच्या पुढं काळी माती लागली की चिखल चपलेला सोडत नाही. म्हणून अंथरुणाखाली घालायला जाड प्लॅस्टिकचा कागद हवाच, आपल्या उंचीपेक्षा हातभर लांब. कडा थोड्या वर दुमडून ठेवल्या की ओल आत येत नाही. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तळाशी ठेवावा आणि कितीही मोह झाला तरी तो फक्त झोपतानाच घालावा. वळकटीला घरच्या जुन्या साडीची लाल किंवा पिवळी पट्टी बांधावी. ट्रकमधून दीडशे वळकट्या एकदम खाली पडतात तेव्हा त्या पट्टीचं मोल कळतं.

सगळे मुक्काम राहुटीतच होतात असं नाही. पुण्यात शाळांचे वर्ग, मंगल कार्यालयं, देवळांच्या ओसऱ्या वारकऱ्यांसाठी उघडतात. गावोगावी लोक आपली पडवी, ओटा देतात. तुम्ही कोण, कुठल्या, हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना एकच नाव, “माउली”. तुकोबांच्या वाटेवर यवतला तर पिठलं-भाकरीचा मोठा बेत असतो आणि गावकरी वारकऱ्यांना आग्रहानं वाढतात. कुणाच्या ओसरीवर झोपलात तर सकाळी निघताना ती झाडून निघावं. घरधनीण ‘नको’ म्हणते, तरी झाडावी. तिचंही घर त्या दिवशी धर्मशाळा झालेलं असतं.

पाण्याची आणि लाजेची गोष्ट

आता जरा अवघड विषय. पहाटे तीन-साडेतीनला टँकरपाशी बादल्यांची रांग लागते. अंधार आहे तोवर बायका अंघोळी उरकतात, दोघी साडी धरून आडोसा करतात आणि तिसरी अंघोळ करते. काही दिंड्या आता बायकांसाठी कापडी न्हाणीघरं उभी करतात. ती असतील तर तुमचं निम्मं ओझं उतरलं.

शौचाचं काय? पूर्वी उसाचं शेत नाहीतर रस्त्याची कड एवढीच सोय होती. अलीकडच्या वर्षांत ‘निर्मल वारी’च्या उपक्रमातून मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं मांडली जातात, त्यानं फार फरक पडला. पण लाखोंच्या गर्दीला ती पुरी पडत नाहीत आणि चालण्याच्या वाटेवर तर दोन ठिकाणांत अंतरही बरंच असतं. मग बायका काय करतात? पाणीच पीत नाहीत! जाळजूळ, चक्कर, ताप याचं मूळ इथं असतं. कृपा करून हे करू नका. उन्हात चालताना घोट-घोट पाणी प्यायलाच हवं. विसाव्याची गावं आधी माहीत करून घ्या, तिथं पोचल्यावर आधी शौचालय आणि मग चहा, असा क्रम ठेवा. दोघी-तिघींनी मिळून जा, अंधारात तर एकटी नकोच. पाळीची तारीख जवळ असेल तर सामान घरूनच न्या. आणि वापरलेलं कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पेटीत टाका, शेतात नव्हे. ते शेत कुणाच्यातरी पोटापाण्याचं आहे.

चूल कुणाची?

आणखी एक प्रश्न आहे, तो सहसा कुणी विचारत नाही. दिंडीत स्वयंपाक कोण करतं? काही दिंड्या आचारी ठेवतात. काहींत मात्र पाच-सात कोस चालून आलेल्या बायकाच भाकऱ्यांना बसतात आणि पुरुष मंडळी हरिपाठाला. घरची चूल सोडून आलेल्या बाईच्या नशिबी रानातली चूल! सेवा म्हणून आनंदानं करावंसं वाटलं तर जरूर करावं. पण ती सेवा आहे की गृहीत धरलेलं काम, हे भिशी भरतानाच स्पष्ट करून घ्यावं. पाळ्या लावल्या आणि पुरुषांनीही पिठात हात घातला तर काही बिघडत नाही.

पंक्तीची गोष्ट तर फार जुनी. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तल्या आपल्या लेखात वारीचं वर्णन केलं आहे. एकत्र चालणारी, एकत्र अभंग म्हणणारी दिंडी जेवायला मात्र जातीप्रमाणं वेगळी बसते, हे त्यांना बोचलं होतं. पंढरीत निवाऱ्यालाही हीच अडचण असे. म्हणून गाडगेबाबांनी तिथं चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. डोक्यावर छप्पर मिळण्यासाठी कुणाला काय सोसावं लागलं, हे आपण ओसरीवर पाय पसरताना आठवावं.

संध्याकाळी तळावर समाजआरती होते, ती चुकवू नका. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, चोपदार दंड उंच करतात आणि एवढा जनसमुदाय क्षणात गप्प होतो. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचली जाते. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाची म्हातारी आई. दिंड्यांच्या तक्रारीही तिथंच ऐकल्या जातात. पंढरपुरात नदीपलीकडं ‘पासष्ट एकर’ नावाच्या मैदानावर राहुट्यांसाठी जागा, पाणी, दिवे असतात. मठांतली जागा मात्र आधी सांगून ठेवावी लागते.

तयारीसाठी लांब जायला नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता सहा-सात किलोमीटरचा आहे. महिनाभर आठवड्यातून दोनदा जाऊन-येऊन करावा. सोमवारी उद्यान बंद असतं. लेण्यांत दगडी ओटे आणि पाण्याची टाकी बघायला मिळतील. पावसाळ्यात भिक्षू फिरणं थांबवून तिथं राहत. आपले वारकरी नेमके पावसातच बाहेर पडतात! आणि घरी आठ दिवस गादी सोडून सतरंजीवर झोपून पाहा, पाठीला सवय होते.

वीस दिवस घर सोडणं जमत नसेल तर सासवड-जेजुरी असा एखादाच टप्पा करा. पुण्याची एसटी बोरिवलीहून मिळते. पण एक दिवस असो की वीस, दिंडीप्रमुखांना चार गोष्टी आधी विचारा: राहुटीत किती जणी, न्हाणीची सोय काय, शौचालय कुठं, आणि भाकऱ्या कोण भाजणार. उत्तरं सरळ मिळाली तर भिशी भरा आणि घरच्यांच्या हाती डब्यांच्या जागांची यादी देऊन निश्चिंत मनानं निघा.