कोळशाची कणी

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये रात्री-अपरात्री कडी वाजली की आई काही न विचारता चहाचं आधण ठेवायची. दारात कॉल बॉय उभा असायचा. बाबा त्याच्या वहीत सही करायचे, पेटी उचलायचे आणि निघायचे. ते फायरमन होते. आम्हाला वाफेच्या इंजिनाचं कसलं आलंय कौतुक! दोरीवरचे पांढरे कपडे काळे करणारी ती एक ब्याद होती.

तीच ब्याद बघायला मध्यंतरी मी दिल्ली कॅन्टोन्मेंटला गेलो. रेवाडीची गाडी, पुढे ‘अकबर’ : डब्ल्यूपी ७१६१, गोल नाकाचं, पुसून लखलखीत केलेलं. इतकं स्वच्छ इंजिन बाबांनी पाहिलं असतं तर हे कामाला लावलंय की लग्नाला, असं विचारलं असतं.

बाबांच्या काळी इंजिन पुरतं गार असं क्वचितच व्हायचं. बॉयलर धुवायला काढला तरच. आता एका फेरीसाठी आदल्या दिवसापासून भट्टी पेटवून बसावं लागतं. गार बॉयलरला घाई चालत नाही. पत्रे आणि नळ्या सारख्या तापल्या नाहीत तर सांधे गळायला लागतात. नळी गळालीच तर पूर्वी शेडमधला बॉयलरवाला आत शिरून तिचं तोंड फुगवून बसवायचा आणि सुटा भाग स्टोअरमधून यायचा. १९७२ नंतर आपल्याकडे वाफेची इंजिनं बनणंच थांबलं. आता भाग हवा तर कुठल्यातरी वर्कशॉपात तो ओतून, कातून घ्यायचा. १८५५ सालच्या ‘फेअरी क्वीन’ इंजिनाचे भाग २०११ मध्ये चोरट्यांनी काढून नेले, तेव्हा ते थेट पेरांबूरच्या कारखान्यात न्यावं लागलं. भंगाराच्या भावात विकून चोरट्यांना किती मिळाले असतील?

वाटेत पाण्यासाठी थांबलो. ‘अकबर’च्या टेंडरमध्ये, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, २५,००० लिटर पाणी मावतं. बाबांच्या वेळी फलाटाच्या टोकाला पाण्याचा खांब असे. ते टेंडरवर चढून त्याची सोंड आत सोडायचे, पाणी भरेपर्यंत मागचा कोळसा पुढे ओढायचे. इथे टँकर आला होता. आणि आता जिथे डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आहे, तिथे टेंडरवर चढायचं नावही काढायचं नाही.

तरुण फायरमन मात्र कामाचा वाटला. फावडं मारून झालं की त्याची नजर आधी गेज ग्लासकडे जायची. बाबांचीही जायची. पाणी उतरून भट्टीच्या माथ्यावरचा शिशाचा प्लग वितळला तर वाफ आगीवर येणार, गाडी उभी राहणार आणि शेडभर नाव होणार! बाबांना त्याचीच धास्ती. एरवी ते निवांत; फावड्यावर वांगं भाजून घ्यायचे. भरताला कोळशाचा वास लागतो अशी आईची तक्रार, पण वाटी पुसून खायची तीच.

गाडी सुटली तसा शेजारचा मुलगा मोबाईल धरून दारातून बाहेर वाकला. ‘तोंड आत घे’ म्हणेपर्यंत तो डोळा चोळत मागे आला. मी त्याला उजेडात बसवलं, चोळू नको म्हटलं, पापणी उलटली आणि रुमालाचं टोक पिळून कणी अलगद टिपली. आई यासाठी पदर वापरायची.

“अंकल, आप डॉक्टर हैं?” त्यानं विचारलं.