होकार कोणी दिला?

दिंडोशीतल्या आमच्या इमारतीत पाहुणा आला, की वॉचमन इंटरकॉमवरून विचारतो, "वर सोडू का?" घरातून हो आलं, की फाटक उघडतं. बँकांची सायबर सुरक्षा तपासणं हे माझं काम. नवख्या मुलांना ते शिकवताना मी या इंटरकॉमपासूनच सुरुवात करते.

एटीएममध्ये कार्ड घातलं, की बँकेचा स्विचही असंच आत विचारतो, पैसे देऊ का? कोअर बँकिंगने खातं पाहून होकार दिला, की नोटा बाहेर येतात. 11 ऑगस्ट 2018 रोजी, दुसऱ्या शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस बँकेत हा प्रश्न आत पोचलाच नाही. हल्लेखोरांनी मधेच बनावट स्विच बसवला होता आणि तोच प्रत्येक मागणीला परस्पर 'द्या' म्हणत होता. बनावट कार्डं घेतलेली माणसं 28 देशांत एटीएमसमोर उभी होती. काही तासांत परदेशातून सुमारे 78 कोटी आणि देशातून अडीच कोटी रुपये निघाले. सोमवारी स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशयंत्रणेमार्गे आणखी सुमारे 14 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. ग्राहकांच्या शिलकेला धक्का लागला नाही, कारण त्यांच्या खात्यांना कोणी विचारलंच नव्हतं. पैसे गेले ते बँकेचे. फाटक शाबूत होतं, वॉचमनही जागा होता. इंटरकॉमची तार मात्र चोराच्या घरात गेली होती.

म्हणून कुठल्याही बँकेत गेले, की मी कुलपांआधी होकार तपासते. एका छोट्या नागरी बँकेत आरटीजीएसच्या टेबलापाशी बसले होते. एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने पडताळून मंजूर करायचा, हा मेकर-चेकरचा नियम. मंजुरी देणाऱ्या बाई जेवायला गेल्या होत्या. समोरच्या मुलाने कीबोर्ड उचलला, खालच्या चिठ्ठीवरचा बाईंचा पासवर्ड टाकला आणि स्वतः भरलेल्या व्यवहाराला स्वतःच मंजुरी दिली. त्याच्या मनात पाप नव्हतं. ग्राहक खोळंबला होता, एवढंच.

बाईंना विचारलं, तर त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, थांबवलं की सगळे म्हणतात, उगाच अडवता."

त्या वाक्याने मला या धंद्याचं मर्म कळलं. फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8.1 कोटी डॉलर चोरीला गेले, पण श्रीलंकेकडे निघालेले 2 कोटी वाचले. 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं दिसलं आणि वाटेतल्या बँकेने विचारणा केली. आपण फायरवॉलवर खर्च करतो. शंका घेणाऱ्या माणसाच्या पाठीशी मात्र उभे राहत नाही. माझ्या अहवालात मी पासवर्डच्या चिठ्ठीसोबत हेही लिहिलं, आणि मॅनेजरसाहेबांसमोर बसून वाचून दाखवलं.

पुढच्या खेपेला कीबोर्डखाली चिठ्ठी नव्हती. बाई एका शाखेला फोनवर विचारत होत्या, "खातं नवीन दिसतंय, पार्टीशी स्वतः बोललात का?" पलीकडचा आवाज चिडलेला. मॅनेजरसाहेब शेजारीच उभे होते, काही बोलले नाहीत. दहा मिनिटांनी खात्री झाल्यावरच बाईंनी रक्कम सोडली.

व्यवहार खराच निघाला. त्या दिवशीच्या नोंदीत मी लिहिलं: दहा मिनिटं, योग्य कामी लागली.