फलोदीच्या लग्नाची बांधाबांध

मारवाडात आखातीज, म्हणजे आपली अक्षय तृतीया, हा लग्नाचा 'अबूझ' मुहूर्त मानला जातो. त्या दिवशी पंचांग उघडावे लागत नाही. निदान तापमापक तरी पाहावा, असे आम्हां माळव्यातील माणसांना वाटल्यावाचून राहत नाही. ही तिथी यायची ऐन उन्हाळ्यात आणि लग्नघर फलोदीला! ज्या गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तेच हे फलोदी. २०१९ साली ७ मे रोजी आखातीज होती आणि त्या निमित्ताने आम्हांला तेथे चार दिवस राहायचे होते. तेही पाहुणे म्हणून नव्हे, तर वधूचे मामा म्हणून.

हे मामापण आमच्याकडे कसे आले, ते सांगणे भाग आहे. इंदूरच्या सरकारी वसाहतीत अठ्ठावीस वर्षे आमच्या शेजारी एक माहेश्वरी सहकारी राहत होते. त्यांच्या पत्नी आम्हांला पहिल्या वर्षापासून राखी बांधत. त्यांचा एकुलता एक भाऊ २०१७ मध्ये अकस्मात गेला. तिकडील रीतीप्रमाणे मुलीचे लग्न ठरले की आई गूळ-नारळ घेऊन आपल्या भावाच्या घरी जाते आणि मायरा घेऊन येण्याचे आमंत्रण देते; त्याला बत्तीसी म्हणतात. मार्चमध्ये एका सकाळी बाई गुळाची ढेप घेऊन आमच्या दारी उभ्या राहिल्या. "भाईसाब, बत्तीसी लेके आई हूँ. ना मत कहना." त्यांना चुलत भाऊ दोन होते. त्यांना बाजूला ठेवून परजातीच्या मराठी माणसाकडे बत्तीसी आणणे किती अवघड गेले असेल, हे त्या बोलल्या नाहीत. आम्ही उत्तर शोधत असतानाच आमच्या सौभाग्यवतींनी गूळ उचलून देवापुढे ठेवलाही होता.

मग सुरू झाली बांधाबांध. आपल्याकडे सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत सारे दीड दिवसात आटोपते, दोन ठेवणीतल्या साड्यांत काम भागते. तिकडे विनायक स्थापना, पीठी म्हणजे हळद, रातीजगा, मायरा, तोरण, फेरे, विदाई अशी रांग. प्रत्येक प्रसंगाचा वेगळा वेश आणि प्रत्येक वेशाला तेच ऊन. आमच्या घरातील पहिला ठराव पैठणी न नेण्याचा झाला. भरजरी रेशीम अंगाला चिकटते, घामाचे डाग धरते आणि जरीची रयाच जाते. त्याऐवजी महेश्वरी साड्या निघाल्या. रेशमी ताणा आणि सुती बाणा असलेले हे वस्त्र वजनाला हलके, हवा खेळती ठेवणारे. अहिल्याबाईंनी महेश्वरात विणकर वसवले, त्याचा उपयोग मारवाडच्या उन्हात असा होईल, हे आम्हांला तोवर सुचले नव्हते. माहेश्वरी घरात महेश्वरी साड्या, हा विनोद प्रवासभर आमच्या तोंडी होता. सौभाग्यवतींच्या मते तो एकदाच पुरेसा होता.

आमचे पांढरे धोतर आणि उपरणे मात्र त्यांनी पेटीतून काढून टाकले. तिकडे मंगलप्रसंगी पुरुषाच्या डोक्यावर पांढरा साफा शोभत नाही, तो सुतकाचा. मग अंगावर तरी निव्वळ पांढरे कशाला? बदामी रंगाचे सुती झब्बे चार घेतले. साफा यजमान बांधतात. तो सुमारे नऊ मीटर लांब असतो. एवढे कापड डोक्यावर म्हणजे शिक्षाच, असे वाटते. प्रत्यक्षात सुती कापडाचे ते थर उन्हाला अडवतात.

खरी काळजी कपड्यांची नव्हती. सौभाग्यवतींना दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. वापरात असलेली कुपी साधारण तीस अंशांच्या आत ठेवली तर सुमारे चार आठवडे टिकते; पंचेचाळीस अंशांत तिचा भरवसा नाही, आणि बर्फाला टेकून गोठली तरी ती निकामी होते. आमच्या धाकट्या चिरंजीवांनी बॅटरीवरची शीतपेटी आणण्याचे सुचवले. आम्ही कुंभारवाड्यातून झाकणाचे एक लहान मडके आणि ते मावेल असे दुसरे मोठे मडके आणले, दोहोंच्या मधे वाळू भरली आणि वाळू ओली ठेवली. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितके हे काम चांगले होते. कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती चालणार नाही, फलोदीत उत्तम चालली. प्रवासापुरती कुपी कापडात गुंडाळून थर्मासात ठेवली होती.

त्याच कोरडेपणाची दुसरी बाजू अशी, की घाम आलेला कळत नाही. तो येताक्षणी उडून जातो आणि माणूस आपण कोरडे आहोत या समजुतीत पाणी पीत नाही. म्हणून क्षारमिश्रणाची पाकिटे, पन्ह्याचा अर्क आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी, असे सारे वरच्या कप्प्यात. खिशात कांदा ठेवण्याचा आग्रह आमच्या थोरल्या भगिनींचा होता. कांद्याने ऊन टळते याला आधार नाही, पण त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा कांदा नेणे सोपे होते.

मायऱ्याची पेटी निराळी. बहिणीसाठी चुंदडी, तिच्या यजमानांना व सासरच्या मंडळींना वस्त्रे, भाचीसाठी पाटल्या, वर काही रोकड. त्या वेळी लोकसभेची आचारसंहिता चालू होती आणि पन्नास हजारांवर रोख कागदपत्रांवाचून सापडली तर भरारी पथके जप्त करीत. आम्ही नोकरीत असताना अशी पथके स्वतः नेमली आहेत. त्यामुळे सराफाची पावती, बँकेची नोंद आणि लग्नपत्रिका आम्ही एका पाकिटात, अगदी फाइलसारखी, लावली. कोणी विचारले नाही. फलोदी निवडणुकीच्या सट्ट्यासाठी प्रसिद्ध आहे. लग्नघरात मुहूर्तापेक्षा जागांच्या भावाची चर्चा अधिक होती.

जोधपूरपासून सुमारे १४० किलोमीटरचा रस्ता संपवून आम्ही पोचलो. दुसऱ्या दिवशी मायरा. हवेलीच्या उंबरठ्याशी बाई बाजोटावर उभ्या होत्या. आम्ही पेटी उघडली, तेव्हा थोरले चुलत भाऊ पुढे आले. क्षणभर आमच्या मनात नको ते आले. त्यांनी काही न बोलता चुंदडीचे एक टोक उचलले, दुसरे आमच्या हाती दिले. दोघांनी मिळून ती बाईंच्या डोक्यावरून पांघरली. गाण्यात भावाचे नाव घालावे लागते. आमचे आडनाव तिकडील स्त्रियांच्या चालीत बसेना, म्हणून त्यांनी 'इंदौरवाळा' म्हणून भागवले.

निघताना मायऱ्याची पेटी रिकामी होती. बाईंनी ती केर, सांगरी आणि खिचियांनी भरली. बहिणीच्या घरचे फुकट नेऊ नये, अशी तिकडची रीत. शेजारी म्हणून अठ्ठावीस वर्षे त्यांच्या हातचे फुकट खाणाऱ्या आम्ही त्या दिवशी अकरा रुपये पुढे केले. बाईंनी ते नको म्हटले नाही. चुंदडीच्या टोकाला गाठ मारून ठेवून दिले.