तेरा रुपयांचा कांदा

उत्पादक, व्यापारी, ग्राहक यांच्या व्याख्या नववीची मुलं घडाघडा म्हणत. "मॅडम, मग हमाल कशात येतो?" असं एकाने विचारलं, तेव्हा फळ्यासमोर राहून भागणार नाही, हे मला कळलं. जानेवारी 2024 च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही लासलगावला गेलो. नाशिकहून साठेक किलोमीटर.

बाजार समितीच्या आवारात लाल कांद्याच्या ट्रॉल्यांच्या रांगा होत्या. व्यापारी एका ट्रॉलीशी थांबत, मूठभर कांदे उचलून बघत, बोली चढे आणि मिनिटभरात पुढची ट्रॉली. चार महिन्यांच्या कष्टांचा भाव एवढ्यात ठरतो, हे पाहून मुलं गप्प झाली. एका काकांचा कांदा तेराशे रुपये क्विंटलने गेला. बावीस क्विंटलचे 28,600. मुलांनी लगेच किलोचा भाव काढला, तेरा रुपये.

"आमच्याकडे तर पंचवीसने मिळतो! बाकीचे बारा व्यापाऱ्याने खाल्ले," एक मुलगा ठामपणे म्हणाला.

मी त्याला थांबवलं नाही. ट्रॉलीमागून सगळ्यांना व्यापाऱ्याच्या खळ्यावर नेलं. भुईकाट्यावर वजन, मग माल खाली. सडका, दुभाळका, बारीक कांदा वेगळा काढणाऱ्या बायका रोजावर बसल्या होत्या. गोण्या शिवणारे, पाठीवरून ट्रकात चढवणारे. लाल कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, त्यामुळे थांबायची सोय कुणालाच नव्हती. वहीतल्या उत्पादक, व्यापारी, ग्राहक या तीन रकान्यांचे आठ झाले.

खरा धडा मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात झाला, आणि तो मी शिकवला नाही. एका मुलीची आई हातगाडीवर कांदे-बटाटे विकते. ती मुलगी उठून फळ्याशी आली. पन्नास किलोची गोणी एकोणीसच्या भावाने, 950 रुपये. चार किलो खराब निघाला. उरलेले शेहेचाळीस किलो पंचवीसने, 1,150. हातात दोनशे, त्यातून रिक्षाभाडं आणि पिशव्या. गोणी संपायला दोन दिवस. "आई कुणाचं खात नाही," एवढंच बोलून ती जागेवर बसली. तो मुलगा वही उघडून पुन्हा बेरीज करत राहिला. मधल्या सुट्टीत त्यानेच तिला गाडी कुठे लागते ते विचारलं.

प्रत्येक रकान्यापुढे आम्ही त्या माणसाची जबाबदारी लिहिली. काटा खरा ठेवणं, पैसे वेळेवर देणं, ग्राहकाने निवडताना माल न चेंगरणं. 'सरकार' हा रकाना बराच वेळ कोरा होता. 8 डिसेंबर 2023 पासून सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. ट्रॉलीवाले काका आम्हाला म्हणाले होते, "लावताना सांगितलं असतं तर निम्मंच लावलं असतं."

शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने तिथे दोन शब्द लिहिले : आधी सांगणे.